बोलाचीं अक्षरें : कर्णबधिर मुलांच्या वर्गांतील एक नवें साधन

शाळेंत पुस्तक असतें, फळा असतो, भिंतीवर नकाशे असतात. परंतु या सर्वांना एकत्र ओवणारा धागा म्हणजे शिक्षकाचें बोलणें होय. पुस्तकांतील एक ओळ वाचून झाल्यावर गुरुजी जीं चार वाक्यें स्वतःचीं सांगतात, गांवच्या ओढ्याचा किंवा बाजाराचा जो दाखला देतात, एखाद्या मुलाच्या चुकलेल्या उत्तरावर जो खुलासा करतात, त्यांतच धडा खरोखर उलगडतो. ज्या मुलाला ऐकूं येत नाहीं, त्याच्यापुढें पुस्तक उघडें असतें, पण धडा मिटलेलाच राहतो. इतर मुलें हंसलीं म्हणजे तें हंसतें, इतरांनीं पान उलटलें म्हणजे तेंहि उलटतें. आणि वर्षाअखेर ‘मूल शांत आहे, कांहीं त्रास देत नाहीं’ एवढाच शेरा त्याच्या वांट्यास येतो.

ही अडचण थोड्याथोडक्यांची नाहीं. २०११ च्या जनगणनेंत भारतांतील श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारें ५० लाख ७१ हजार नोंदली गेली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें दोन्ही कानांत ७० डेसिबलची श्रवणहानि असलेल्यास कर्णबधिर मानलें आहे, आणि ६० ते ७० डेसिबल हानि असलेल्यास ऐकूं कमी येणारा. शांत खोलींतील साधें संभाषण सुमारें ६० डेसिबलचें असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ कळून येईल. पूर्वीं अशा मुलांना ‘मूकबधिर’ किंवा नुसतें ‘मुकें’ म्हणत. तें नांव बरोबर नव्हतें. बहुतेकांचें स्वरयंत्र धड असतें. जें कधीं ऐकलें नाहीं तें उच्चारतां येत नाहीं, एवढेंच.

परभणी जिल्ह्याचें उदाहरण घ्यावें. २०११ मध्यें या जिल्ह्याची वस्ती १८ लाख ३६ हजार होती. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतील एखाद्या खेड्याच्या शाळेंत कर्णबधिर मूल बहुधा एकटेंच असतें. त्याला खास शाळेच्या वसतिगृहांत दूर ठेवावें, कीं गांवच्या साध्या शाळेंत इतरांबरोबर बसवावें, असा पेंच आईबापांपुढें उभा राहतो. गांवच्या शाळेंत बसविलें, तर समग्र शिक्षा योजनेंतील विशेष शिक्षकाची मदत मिळूं शकते. परंतु हा शिक्षक अनेक शाळांना फिरता असतो. तो जाऊन पुन्हां येईपर्यंत मधले दिवस मुलानें कसे काढावयाचे, हा प्रश्न उरतोच. अशा मधल्या दिवसांसाठीं एक नवें साधन आतां हाताशीं आलें आहे, आणि तें बहुतेक शिक्षकांच्या खिशांत आधींच असतें.

तें साधन म्हणजे बोललेला शब्द तत्काळ अक्षरांत उतरविणारें सॉफ्टवेअर. शिक्षक बोलतो, मोबाईल किंवा संगणक ऐकतो, आणि क्षणार्धांत त्याचें वाक्य पडद्यावर देवनागरींत उमटतें. २०१७ च्या ऑगस्टमध्यें गूगल कंपनीनें आपल्या बोलून लिहिण्याच्या सोयींत मराठीसह आठ भारतीय भाषांची भर घातली. फेब्रुवारी २०१९ मध्यें याच कंपनीनें ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ हें कर्णबधिरांसाठींच योजिलेलें ॲप प्रसिद्ध केलें. अमेरिकेंतील कर्णबधिरांच्या गॅलॉडेट विद्यापीठाचें त्याच्या घडणींत साहाय्य होतें. आणि त्यामागील एक प्रमुख संशोधक दिमित्री कानेव्स्की यांनीं स्वतःच बालपणीं श्रवण गमावलेलें आहे. त्यांना जें घरीं व कचेरींत हवें होतें, तें त्यांनीं जगास दिलें.

बोलणाऱ्या यंत्रांचा आणि कर्णबधिरांचा हा संबंध जुनाच आहे. १८७६ मध्यें ज्यांना टेलिफोनचा हक्कलेख मिळाला, ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे व्यवसायानें कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांची आई बहिरी होती व पत्नीहि बहिरी होती. त्यांच्याच नांवानें चालणाऱ्या बेल प्रयोगशाळेंत १९५२ मध्यें ‘ऑड्री’ नांवाचें यंत्र तयार झालें. तें शून्यापासून नऊपर्यंतचे आंकडे तेवढे ओळखी, आणि तेहि ओळखीच्या आवाजांतले. मूळचे आंध्रचे राज रेड्डी यांच्या मार्गदर्शनाखालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९७६ मध्यें जी ‘हार्पी’ प्रणाली झाली, तिची मजल १,०११ शब्दांपर्यंत गेली. पुढें कॅनडांतील हॅलिफॅक्स येथील सेंट मेरीज विद्यापीठानें गेल्या शतकाच्या अखेरीस हें तंत्र प्रत्यक्ष व्याख्यानगृहांत आणलें. प्राध्यापक बोलत असतां पडद्यावर अक्षरें दिसत, आणि मागाहून तींच दुरुस्त करून विद्यार्थ्यांना टिपण म्हणून मिळत. हा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच मोलाचा आहे, हें पुढें दिसून येईल.

यंत्र हें करतें कसें? बोललेला आवाज म्हणजे हवेंतील कंप. मायक्रोफोन त्या कंपांचें विद्युत्प्रवाहांत रूपांतर करतो. संगणक त्या प्रवाहाचें दर सेकंदास सुमारें शंभर वेळां निरीक्षण करतो, आणि प्रत्येक वेळीं कोणत्या उंचीचा स्वर किती जोराचा आहे याचें माप घेतो. असंख्य वाक्यांचें ध्वनिमुद्रण व त्यांचें लेखी रूप त्याला आधींच पुरविलेलें असतें. त्या अभ्यासावरून, समोर आलेली आकृति ‘क’ ची असण्याचा संभव किती व ‘ग’ ची असण्याचा किती, हें तो ठरवितो. केवळ आवाजावर मात्र त्याचें भागत नाहीं. ‘पाऊस’ या शब्दामागून ‘पडला’ येणें संभवनीय, ‘पढला’ येणें नव्हे, असा शब्दांच्या शेजाराचाहि तो हिशेब करतो. म्हणूनच पडद्यावर एखादा शब्द उमटतो, क्षणभर थांबतो, आणि पुढचा शब्द आला कीं बदलतो. यंत्राला धडा समजला असा याचा अर्थ नाहीं. त्यानें अनेक शक्यतांतून एक निवडली, एवढाच आहे.

या साधनाचें मोल समजण्यासाठीं, तें नसतांना कर्णबधिर मूल काय करतें हें पाहावें. तें ओंठ वाचतें. परंतु ओंठांवर भाषेचा थोडाच भाग दिसतो. ‘पार’, ‘बार’, ‘भार’ आणि ‘मार’ हे चार शब्द आरशापुढें उभें राहून उच्चारावे; ओंठांची हालचाल चारींची एकच. आवाज घुमला कीं नाहीं, श्वास जोरानें सुटला कीं नाहीं, नाकांतून गेला कीं नाहीं, हें डोळ्यांना दिसत नाहीं. ‘क’, ‘ख’, ‘ग’ तर घशाजवळच होऊन जातात. त्यांतून शिक्षकानें फळ्याकडे तोंड केलें, किंवा पुस्तक तोंडापुढें धरलें, कीं उरलेलेंहि गेलें. पडद्यावरचीं अक्षरें मात्र ‘भार’ आणि ‘मार’ यांत गोंधळ करीत नाहींत, आणि गुरुजींनीं पाठ फिरविली तरी पुसलीं जात नाहींत. ज्याला वाचतां येतें अशा विद्यार्थ्याला ही केवढी मोकळीक आहे, हें सांगावयास नकोच.

तथापि मुंबई-पुण्याच्या शांत खोलींत जें साधन उत्तम चालतें, तें परभणीच्या वर्गांत तसेंच चालेल असें गृहीत धरणें घातक होईल. पहिली अडचण आवाजाची. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. तोंडापासून २० सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन सव्वातीन मीटरवरील टेबलावर ठेवला, तर अंतर चार वेळां दुप्पट होतें आणि आवाज सुमारें २४ डेसिबलनें घटतो. पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस आणि शेजारच्या वर्गांतील पाढे मात्र तितकेच मोठे राहतात. परभणीचा उन्हाळा प्रखर. पंखा बंद करा म्हणणें तेथें शक्य नाहीं. उपाय सोपा आहे : मोबाईल टेबलावर न ठेवतां, कॉलरला लावण्याचा लहान मायक्रोफोन शिक्षकानें वापरावा. या एका गोष्टीनें जेवढी सुधारणा होते, तेवढी महागडा पडदा आणूनहि होणार नाहीं.

दुसरी अडचण बोलीची. ‘काय करतो आहेस’ हें पुस्तकी मराठी यंत्राला पाठ असतें. परंतु परभणी-नांदेडकडील माणूस सहजपणें ‘काय करूलालास’ असें म्हणतो. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्यानें बाजारांत व कचेरींत त्या भाषेचे शब्द रुळले आहेत. कांहीं मुलांच्या घरीं दखनी, तर कांहींच्या घरीं बंजारा बोली चालते. यंत्रानें जे आवाज ऐकले नाहींत, ते त्याला ओळखतां येत नाहींत. यासाठीं शिक्षकानें आपली बोली टाकून द्यावी, असें कोणी म्हणूं नये. यंत्रालाच बोली शिकविली पाहिजे. त्या दिशेनें कामहि झालें आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं, शेतमालाचे भाव टेलिफोनवर विचारतां यावेत म्हणून, महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले होते. २०२२ मध्यें भारत सरकारनें ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला, आणि मद्रासच्या आय. आय. टी. तील ‘एआयफोरभारत’ हा गट भारतीय भाषांच्या ध्वनिलेखनाचें साहित्य सर्वांस खुलें करीत आहे. अशा संग्रहांत शेतकऱ्याइतकाच शाळेंतील शिक्षकाचाहि आवाज असला पाहिजे.

तिसरी अडचण पारिभाषिक शब्दांची, आणि तीच वर्गांत सर्वांत अधिक बोंचते. यंत्राच्या चुका मोजण्याची रीत अशी आहे : बदललेले, गळलेले आणि फुकट घुसलेले शब्द मोजावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, आणि तिला मूळ शब्दसंख्येनें भागावयाचें. शंभर शब्दांत पांच चुकले, तर चूक शेंकडा पांच. ऐकावयास हें अल्प वाटतें. परंतु ते पांच शब्द कोणते? रसायनशास्त्राच्या तासाला ‘आम्ल’ ऐवजीं प्रत्येक वेळीं ‘अंमल’ उमटलें, तर बाकीचे पंचाण्णव शब्द बरोबर असून धडा बुडाला. ‘वटवाघूळ हा पक्षी नाहीं’ या वाक्यांतून शेवटचा एकच शब्द गळला, तर मुलाच्या हातीं नेमकें उलट ज्ञान येतें. ऐकणारें मूल अशी चूक कानानें सांवरून घेतें. कर्णबधिर मुलापाशीं ताडून पाहण्यास दुसरें कांहींच नसतें. पडद्यावर जें आलें तेंच गुरुजी बोलले, असें तें मानून चालतें. म्हणून शिक्षकानें धड्यांतील दहाबारा नवे शब्द आधींच फळ्यावर शुद्ध लिहून ठेवावे, आणि उच्चारतांना त्यांवर बोट ठेवावें.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. ऐकणारें मूल डोळ्यांनीं प्रयोग पाहतें व कानांनीं त्याचें वर्णन ऐकतें. कर्णबधिर मुलाला हीं दोन्ही कामें डोळ्यांनींच करावीं लागतात. परीक्षानळींतील रंग बदलत असतां त्यानें पडदा वाचावा, कीं नळी पाहावी? येथें यंत्राचा उपाय चालत नाहीं. शिक्षकाची संवय बदलावी लागते. आधीं सांगावें, वाचून होईपर्यंत थांबावें, मग करून दाखवावें. अशा संथ रीतीनें शिकविल्यास वर्गांतील इतर मुलांचेंहि नुकसान होत नाहीं, उलट कल्याणच होतें. तास संपल्यावर पडद्यावरचा मजकूर जपून ठेवावा, त्यांतील चुका शिक्षकानें दुरुस्त कराव्या, आणि तो कागदावर मुलाच्या हातीं द्यावा. ऐन तासांत निसटलेला धडा घरीं पुन्हां वाचतां येतो, हा या साधनाचा कदाचित् सर्वांत टिकाऊ लाभ आहे. वीज गेली किंवा इंटरनेट तुटलें, तरी तो कागद राहतो.

येथवरच्या अडचणी मायक्रोफोननें, अभ्यासानें व संवयीनें दूर होण्यासारख्या आहेत. परंतु एक अडचण याहून खोल आहे, आणि तिचा विचार न करतां शाळाशाळांतून हीं साधनें वांटलीं गेलीं, तर त्यांचा अपायच होईल. यंत्र अक्षरें देतें. भाषा देत नाहीं. ऐकणारें मूल पहिलींत येतें तेव्हां त्याच्यापाशीं मराठी आधींच असते. शाळा तिला फक्त अक्षरांचें रूप देते. ‘मुलानें आंबा दिला’ आणि ‘मुलाला आंबा दिला’ यांतील भेद त्याला कोणी व्याकरणानें शिकविलेला नसतो. जन्मतः कर्णबधिर मुलानें ही भाषा कधीं ऐकलेलीच नसते. त्याच्यापुढें पडद्यावर शुद्ध मराठी वाक्यांची रांग धांवूं लागली, तर तें अपरिचित भाषेंतील पुस्तक भरभर उलटल्यासारखेंच होय. सातव्या-आठव्या वर्षीं ऐकूं येणें बंद झालेलें मूल, कमी ऐकूं येणारें मूल, किंवा वाचनांत तरबेज झालेला महाविद्यालयीन विद्यार्थी यांना हें साधन वरदान आहे. ज्याला अजून कोणतीच भाषा मिळालेली नाहीं, अशा बालकाला आधीं भाषा द्यावी लागते.

ती भाषा डोळ्यांवाटे मिळूं शकते. भारतीय सांकेतिक भाषा ही हातवाऱ्यांची तोडकी मराठी नसून स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे. तिच्यांत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटीं येते. एके काळीं जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनीं या भाषांवर मोठा अन्याय केला. १८८० मध्यें मिलान येथें भरलेल्या परिषदेनें कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांऐवजीं केवळ मुखानें बोलण्याचें शिक्षण द्यावें असा ठराव केला, आणि त्याची छाया पुढें शंभर वर्षें राहिली. मुंबईस १८८५ मध्यें बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें या देशांतील कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली, ती याच काळांत. २०१० मध्यें व्हँकुव्हर येथील परिषदेनें मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडे २०१५ मध्यें दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें. २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशांत दहा हजार संज्ञा झाल्या. शालेय पाठ्यपुस्तकें या भाषेंत आणण्यासाठीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २०२० मध्यें या केंद्राशीं करार केला.

मिलानचा धडा आजच्या साधनालाहि लागू आहे. त्या वेळीं एका पद्धतीच्या मोहानें मुलाची भाषा हिरावली गेली. आज एका यंत्राच्या मोहानें तेंच होऊं नये. धोका काल्पनिक नाहीं. सांकेतिक भाषा जाणणारा शिक्षक नेमणें खर्चाचें आहे, त्याचें प्रशिक्षण दीर्घ आहे. मोबाईलवरील ॲप मात्र फुकट मिळतें. ‘पडदा लावला आहे, आतां खास शिक्षक कशाला?’ असें म्हणण्याचा मोह कोणत्याहि कचेरीस होईल. कायदा याच्या उलट आहे. २०१६ च्या कायद्यानें अंध व कर्णबधिर विद्यार्थ्यांस त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेंतून व साधनांतून शिक्षण मिळावें असें म्हटलें आहे, आणि सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारीहि शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. त्याच कायद्यानें दळणवळणाच्या साधनांत लेखी मजकुराचें प्रदर्शन व सांकेतिक भाषा या दोहोंचा शेजारीं शेजारीं उल्लेख केला आहे. एक दिलें म्हणून दुसरें नाकारण्याची मुभा त्यांत नाहीं.

शेवटीं वर्गांतील बोलणें एकमार्गी नसतें, हेंहि विसरतां येत नाहीं. शिक्षकाचें वाक्य मुलापर्यंत पोंचविणें हें यंत्राला साधेल. परंतु मुलाचा प्रश्न शिक्षकापर्यंत कोण पोंचवील? जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाचे उच्चार यंत्राला सहसा ओळखतां येत नाहींत. त्यानें पाटीवर लिहिलें तर वाचण्याइतका वेळ वर्गानें द्यावा लागतो. खुणेनें विचारलें तर ती खूण जाणणारें कोणी तरी तेथें असावें लागतें. शेजारीं बसणाऱ्या चार मुलांनीं शेंदोनशें खुणा शिकून घेतल्या, तरी त्या मुलाचें एकटेपण पुष्कळ कमी होईल; आणि मुलें अशा गोष्टी मोठ्यांपेक्षां लवकर शिकतात. मुलांचे आवाज व वर्गांतील बोलणें परक्या कंपनीच्या संगणकावर जातें, याचीहि जाणीव शाळेनें ठेवावी, आणि आईबापांची संमति घ्यावी. जीं सॉफ्टवेअरें आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतात, त्यांचा विचार म्हणूनच अगत्यानें व्हावा.

सारांश, परभणी जिल्ह्यांतील एखाद्या शाळेनें हें साधन उद्यां वापरावयाचें ठरविलें, तर तिनें यंत्र विकत घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. समोरच्या मुलाला भाषा कोणती येते व वाचन किती येतें? शिक्षक थांबून बोलण्यास आणि संध्याकाळीं मजकूर तपासण्यास तयार आहे काय? आणि मुलाला प्रश्न विचारावयाचा झाला, तर तो कोणाला व कसा विचारील? या तिहींचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर कॉलरवरचा लहानसा मायक्रोफोन आणि भिंतीवरचा पडदा मोठें काम करतील. तीं नसलीं, तर प्रथम तीं मिळविण्याच्या मागें लागावें, आणि यंत्राची खरेदी थोडी लांबणीवर टाकावी.